कोणी चिडवत नाही, तरी तिला शाळा नको

चौथीतल्या एका मुलीची आई आणि वर्गशिक्षिका दोघी एकत्रच भेटायला आल्या होत्या. मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूकडून स्नायूंना हालचालीचे निरोप नीट पोचत नाहीत. ती वॉकर घेऊन चालते, बोलणं सावकाश आणि थोडं अस्पष्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आईचा प्रश्न असा: "वर्गात कोणी चिडवत नाही, उलट सगळी मदत करतात. तरी रोज सकाळी पोट दुखतं म्हणून रडते. असं का?"

शिक्षिकेने पहिल्याच दिवशी वर्गाला सांगितलं होतं, "ही आपली खास मैत्रीण, हिला सांभाळून घ्यायचं." पुढे मदतीच्या पाळ्याही लावल्या, रोज दोघी. आठवड्याभरात त्या तिचं दप्तर भरायला लागल्या, डबा उघडून द्यायला लागल्या, बाईंनी तिला प्रश्न विचारला तर उत्तरही त्याच द्यायच्या. वॉकर मध्ये येतो म्हणून तो भिंतीशी नेऊन ठेवायच्या. म्हणजे मधल्या सुट्टीत नुसतं उठायचं झालं तरी तिला कोणाला तरी हाक मारावी लागे. खेळायला मात्र कोणी बोलवत नव्हतं. पाळीने करायचं ते काम झालं. खेळातला जोडीदार मुलं आपल्या मनाने निवडतात.

या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी पाळ्या बंद केल्या. वर्गाशी बोलण्याआधी मुलीशी बोलणं झालं. शाळांमध्ये ही पायरी बरेचदा गाळली जाते. तिला तीन गोष्टी विचारल्या: वर्गाला काय सांगायचं, काय सांगायचं नाही, आणि तेव्हा तू वर्गात थांबणार का. ऑपरेशनबद्दल सांगायचं नाही, असं ती म्हणाली. वर्गात थांबायची तिची तयारी होती, आणि दोन वाक्यं ती स्वतः बोलणार होती: "वॉकर हलवू नका. माझं बोलणं पूर्ण होऊ द्या."

शिक्षिकेच्या मनात मुलांचे पाय बांधून चालायला लावायचं होतं, म्हणजे 'त्यांना कळेल'. हा खेळ टाळलेला बरा. पाच मिनिटं पाय बांधलेल्या मुलाला फक्त धडपडणं कळतं. वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेलं कसब कळत नाही. अशी मुलं 'बिचारी' हा शब्द घेऊन बाहेर पडतात.

त्याऐवजी पस्तीस मिनिटांचा एक तास घेतला. नाव न लिहिता चिठ्ठ्या मागवल्या. "शेजारी बसलं तर आपल्याला होईल का?" "तिला दुखतं का?" "मोठी झाल्यावर बरी होईल का?" उत्तरं एक-दोन वाक्यांत आणि खरी द्यायची. हे संसर्गाने होत नाही. जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी लहानपणी मेंदूला इजा झाली किंवा त्याची वाढ वेगळी झाली, की स्नायूंना हालचालीचे निरोप नीट पोचत नाहीत. हे आयुष्यभर राहतं. व्यायामाने हालचाल सोपी होऊ शकते. दुखतं का, हे तिने स्वतःच सांगितलं: पाय ताठरले की कधी कधी. "होईल हं बरी" असं खोटं सांगितलं तर मुलं वाट पाहत बसतात, आणि ती बरी होत नाही म्हणजे तिचंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटायला लागतं.

उरलेल्या वेळात नुसता सराव. आधी "मदत हवी का?" विचारायचं, मग मनात दहापर्यंत मोजून उत्तराची वाट पाहायची. नको म्हणाली तर बाजूला व्हायचं. बोलणं समजलं नाही तर समजल्यासारखी मान हलवायची नाही, जेवढं कळलं तेवढं उच्चारून विचारायचं, "तू 'बाहेर' म्हणालीस का?" एका मुलाने दहा आकडे मोठ्यानेच मोजले. वर्ग हसला, तीही हसली.

वर्गाची बोलणी एका तासात संपत नाहीत. दोन आठवड्यांनी पुन्हा मदतीचा सपाटा सुरू झाला, तेव्हा शिक्षिकेला फक्त "विचारलंस का?" एवढं म्हणावं लागलं. खेळाचा नियम मुलांनीच शोधला: पकडापकडी, पण सगळ्यांनी चालतच. धावला तो आऊट. मैदानाचा फक्त अर्धा भाग घ्यायचा, म्हणजे वॉकरवाल्याला गाठता येतं आणि चुकवताही येतं.

काही दिवसांनी आईचा फोन आला, काळजीच्या सुरात. लेक रागाने फणफणत घरी आली होती: मी आऊट नव्हतेच, तरी मला बाद केलं. शाळेत जाऊन बोलू का, असं आई विचारत होती. नको म्हणून सांगितलं. हे भांडण तिचं तिलाच मिटवू दे.