पुणे की बेंगळूर? पगाराआधी मुलीची इयत्ता बघा

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्वालिटी विभागात आहेत आणि हातात 64 हजार येतात. पत्नी मराठी माध्यमाच्या खासगी शाळेत शिकवते, तिला 21 हजार मिळतात. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, दोघेही मराठी माध्यमात. बेळगावातच अनगोळला स्वतःचं घर आहे, त्याचा हप्ता चालू आहे. आई-वडील खानापूर तालुक्यात भातशेती बघतात. पुण्याजवळच्या चाकणहून 92 हजारांची आणि बेंगळूरहून 1 लाख 8 हजारांची ऑफर आली आहे. 'सगळ्यांनी मिळून कुठं जावं?' असं त्यांनी विचारलंय.

तुमचं पत्र वाचताना 'सगळ्यांनी मिळून' या शब्दांपाशी मी थांबलो. खरी गाठ तिथंच आहे.

आधी तुम्ही दिलेल्याच आकड्यांवर हिशोब करू. सगळे बेंगळूरला गेलात तर पत्नीची नोकरी सुटेल. मराठी डीएडवर तिथं शाळा मिळणं कठीण. घरभाडं 28 हजार. दोन्ही मुलांना इंग्रजी माध्यमात घालावं लागेल, त्याची फी तुम्ही वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास काढली आहे, म्हणजे महिन्याला 18 हजार पकडा. अनगोळचं घर भाड्यानं देऊन 9 हजार आले, तरी हातात 71 हजार उरतात. पुण्याला सगळे गेलात तर भाडं 19 हजार, फी जवळपास आत्ताइतकीच, आणि अनगोळच्या घराचे 9 हजार धरून उरतात 82 हजार. आज बेळगावात दोघांचे मिळून 85 हजार येतात. म्हणजे 28 हजारांची पगारवाढ घेऊन महिन्याला 3 हजारांनी खाली! पत्नीला पुण्यात नोकरी मिळेलही, पण मिळेपर्यंत ती हिशोबात धरू नका.

तुम्ही एकटे गेलात तर? चाकणला खोली, मेस आणि येणं-जाणं मिळून 20 हजार खर्च धरला, तर पत्नीच्या पगारासह 93 हजार उरतात. बेंगळूरला हाच खर्च 28 हजार धरला, तरी 1 लाख 1 हजार उरतात. इथं बेंगळूर 8 हजारांनी पुढं आहे, हे मी लपवत नाही.

आता पैशांइतकीच महत्त्वाची गोष्ट. मुलीला इंजिनिअरिंगला जायचंय असं तुम्ही लिहिलंय. कर्नाटकच्या सीईटीच्या जागांसाठी सर्वसाधारण अट अशी, की राज्यात किमान सात वर्षं शिक्षण झालेलं हवं आणि दहावी किंवा बारावी कर्नाटकातून पास हवी. सात वर्षं तिची झाली आहेत, राहिली ती दहावी. दुसरीकडं महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी स्वतंत्र प्रकार आहे. तिला आत्ता पुण्याला नेलंत तर कर्नाटकची दहावी गेली, सीमाभागाची सवलतही गेली. महाराष्ट्राच्या कोट्यात बसायला लागणाऱ्या रहिवासी (डोमिसाइल) दाखल्याला सर्वसाधारणपणे 15 वर्षांचं वास्तव्य लागतं, तो बारावीपर्यंत कुठून मिळणार? बेंगळूरला नेलंत तर सीईटी शाबूत राहते, पण आठवीत माध्यम बदलून दोन वर्षांत दहावी द्यायची. हुशार मुलीचे टक्के यात घसरलेले मी पाहिलेत.

एक पळवाट मात्र आहे, आणि ती आपल्या भागात बऱ्याच घरांत निघते. पत्नीचं माहेर गडहिंग्लज. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर मुलीचा जन्मदाखला महाराष्ट्रातला असेल. महाराष्ट्रात जन्म आणि दहावी-बारावीही तिथंच, असं असेल तर रहिवासी दाखल्यावाचूनही राज्याच्या कोट्यात बसता येतं. मुलासाठी तर हा कागद जास्तच मोलाचा, कारण त्याची दहावी पुढं पुण्यातच होईल असं दिसतंय. दोघांचे दाखले काढून बघा आणि चालू वर्षाच्या प्रवेश पुस्तिकेतले नियम स्वतः वाचा.

तेव्हा माझं मत: चाकण घ्या, आणि मुलीची दहावी होईपर्यंत एकटे जा. बेंगळूरचे 8 हजार सोडायला मी का सांगतोय? पुणे साधारण 340 किलोमीटर, बेंगळूर 500. चाकणहून सुट्टीला घरी येता येतं, बेंगळूरहून महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. रोप लावणीच्या दिवसांत वडिलांना किती वेळा हाक मारावी लागते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शिवाय दहावीनंतर कुटुंब हलवायचं झालं, तर मुलाला पुण्यात मराठी शाळा मिळेल. मुलगी आज पहिलीत असती आणि पत्नी इंग्रजी माध्यमात शिकवत असती, तर मी बेंगळूर म्हटलं असतं.

व्यवसाय कराचा विचार सोडून द्या, दोन्हीकडं वर्षाला 2,500 रुपयेच. गाडी बेळगावातच ठेवा. केए-22 ची, म्हणजे बेळगाव पासिंगची, गाडी महाराष्ट्रात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवी नोंदणी आणि तिकडचा रोड टॅक्स मागं लागतो. पुण्यात लगेच फ्लॅट घेण्याचा विचार बाजूला ठेवा. 60 लाखांच्या फ्लॅटवर 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी, असे साडेचार लाख नुसत्या कागदांवर जातात. घ्यायचाच तर पत्नीच्या नावावर घ्या, एक टक्का वाचतो.

तुमच्या बचतीची मात्र मला जास्त काळजी वाटते. नऊ लाखांतले सहा लाख एका सोसायटीत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत, ठेव म्हणून आहेत, वर रोज थोडी थोडी भरायची पिग्मी ठेवही तिथंच. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत विमा असतो. सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. व्याज टक्का-दीड टक्का जास्त मिळतं ते याच जोखमीचं. ओळखीचा चेअरमन ही हमी नव्हे. ठेवींच्या मुदती संपतील तशा किमान चार लाख बँकेत आणा. दोन चुली चालवताना सहा महिन्यांचा खर्च हाताशी लागतो.

होकार कळवण्याआधी एचआरला तीन गोष्टी मेलवर विचारा. 92 हजारांत बोनस किंवा ओव्हरटाइम धरलाय का, ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील येतात का, आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी ती गुरुवारी असते. तुमचीही तशीच असेल तर मुलं शाळेत असताना तुम्ही घरी पोचणार, आणि मग बेंगळूरचे ते 8 हजार पुन्हा हिशोबात घ्यावे लागतील.