टर्मिनलवरून व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल चालू आहेत का हे कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा: होस्टेलच्या वायफायवर पिंगला उत्तर येतं, ब्राउझरही चालतो, पण मेसेजिंग ॲप नुसतं फिरत राहतं. सेवाच बंद आहे की नेटवर्कने अडवली आहे, हे लिनक्सच्या टर्मिनलवरून कळेल का?

कळतं, पण त्यासाठी पिंग बाजूला ठेवा. पिंग वेगळ्या प्रोटोकॉलने जातं. त्याचं उत्तर आलं म्हणून ४४३ पोर्ट (सुरक्षित वेब कनेक्शनचा दरवाजा) उघडा आहे असं होत नाही, आणि नाही आलं म्हणून सेवा बंद ठरत नाही. खरं काम आहे ते कनेक्शन नेमकं कोणत्या पायरीवर तुटतं हे शोधण्याचं. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप रोमन लिपीतच करा. आधी व्हीपीएन बंद करा.)

पहिली पायरी नावाची, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता मिळतो का (डीएनएस) हे बघण्याची. 'डिग +शॉर्ट ई१.व्हॉट्सॲप.नेट' चालवा, मग तेच '@१.१.१.१' जोडून, म्हणजे नेटवर्कच्या ऐवजी क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएसला विचारून. दोन्हीकडचे आयपी वेगळे आले तर दचकू नका, मोठ्या सेवा जागेनुसार वेगळे पत्ते देतात. संशय घ्यायचा तो १० ने सुरू होणारा खासगी किंवा १२७ ने सुरू होणारा स्वतःच्याच यंत्राचा पत्ता आला किंवा एकीकडे पत्ता आणि दुसरीकडे 'एनएक्सडोमेन' (असं नावच नाही) आलं तर. काही नेटवर्क ५३ पोर्टवरची (डीएनएसची) प्रत्येक विचारणा मध्येच पकडून स्वतःच उत्तर देतात, तेव्हा १.१.१.१ विचारूनही उपयोग नसतो. अशा वेळी कर्लचा (टर्मिनलवरून वेब पत्ते उघडणारी कमांड) 'डीओएच-यूआरएल' पर्याय वापरा, त्यात नावाची विचारणा एन्क्रिप्ट होऊन जाते. आणि नाव सापडलं नाही म्हणजे बंदीच, असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचे नेमसर्व्हरच इंटरनेटवरून गायब झाले होते आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर बंद होतं. तेव्हा १.१.१.१ कडूनही 'सर्व्हफेल'च (उत्तर मिळवता आलं नाही) येत होतं.

मग पोर्ट. 'एनसी -व्हीझेड -डब्ल्यू ५' नंतर होस्ट (सर्व्हरचं नाव किंवा आयपी) आणि पोर्ट द्या, पोर्ट उघडा आहे का ते कळतं. व्हॉट्सॲपसाठी ४४३ आणि ५२२२ दोन्ही बघा. ऑफिस-कॉलेजच्या फायरवॉलवर ५२२२ बंद असणं नेहमीचं आहे, ४४३ चालू असेल तर ॲप चालू शकतं. टेलिग्रामचं ॲप आपल्या डेटा सेंटरचे आयपी सोबतच घेऊन येतं, म्हणून तिथे डिगवरून निष्कर्ष काढू नका. थेट १४९.१५४.१६७.५१ वर ४४३ तपासा. वेब टेलिग्राम बंद आणि ॲप सुरू, किंवा याच्या उलट, दोन्ही शक्य आहे.

सगळ्यात जास्त उलगडा टीएलएसच्या, म्हणजे एन्क्रिप्टेड कनेक्शन जुळवण्याच्या पायरीवर होतो. 'ओपनएसएसएल एस_क्लायंट'ला '-कनेक्ट' मध्ये आयपी आणि पोर्ट द्या, '-सर्व्हरनेम' मध्ये (कोणत्या साइटशी बोलायचं ते नाव, वाटेतल्या यंत्रालाही वाचता येतं) वेब.व्हॉट्सॲप.कॉम. पोर्ट जुळूनही लगेच 'कनेक्शन रीसेट बाय पिअर' (१०४) आलं, तर आयपी तोच ठेवून सर्व्हरनेममध्ये एग्झाम्पल.कॉम द्या. आता हँडशेक (टीएलएसची सुरुवातीची देवाणघेवाण) पुढे गेला, भले सर्टिफिकेट भलत्याच नावाचं असो, तर मधलं यंत्र नाव वाचून कनेक्शन तोडतंय. हा पुरावा ठोस असतो. दोन-तीनदा करून बघा, एखादा रीसेट योगायोगानेही येतो.

सिग्नलवर बरेच जण फसतात. चॅट.सिग्नल.ऑर्गला कर्ल केलं की एरर ६० (सर्टिफिकेटची खात्री पटली नाही) येते आणि लोक 'ब्लॉक आहे' म्हणून मोकळे होतात. सिग्नल स्वतःचं रूट सर्टिफिकेट वापरतं, ते उबंटूच्या विश्वासार्ह सर्टिफिकेटच्या यादीत नसतं, म्हणून ही एरर चांगल्या नेटवर्कवरही येणारच. एस_क्लायंटमध्ये इश्यूअर (सर्टिफिकेट कोणी दिलं ते) पाहा. 'सिग्नल मेसेंजर' दिसलं तर ठीक, फायरवॉल कंपनीचं किंवा कॉलेजचं नाव दिसलं तर कोणीतरी मध्ये बसलंय. कर्लला '-के' देऊन एरर दाबलीत तर नेमकं हेच दिसायचं राहतं.

सिग्नलची आणखी एक सोय आहे: 'डिग +शॉर्ट अपटाइम.सिग्नल.ऑर्ग'. १२७.०.०.१ आलं तर त्यांच्या बाजूने सगळं ठीक, १२७.०.०.२ आलं तर बिघाड त्यांच्याकडे. वर खासगी पत्त्याबद्दल सांगितलं त्याला हा अपवाद.

कर्लनंतर 'एको $?' करायची सवय लावा: ६ म्हणजे नाव सापडलं नाही, ७ कनेक्शन नाकारलं, २८ वेळ संपली, ३५ टीएलएस तुटलं. ४०३ किंवा ४०४ आलं तरी काहीतरी उत्तर देतंय. कर्ल चालतं पण एनसी अडतं, असं झालं तर प्रॉक्सीचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघा. कर्ल ते पाळतं, एनसी पाळत नाही.

हे सगळं एकदम हवं असेल तर ऊनी प्रोब (इंटरनेटवरची अडवणूक मोजणारं मोफत साधन) टाका आणि 'ऊनीप्रोब रन आयएम' चालवा. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल आणि फेसबुक मेसेंजर तपासले जातात, 'ऊनीप्रोब लिस्ट'ने निकाल दिसतात. पण निकाल आपोआप सार्वजनिक होतात, त्यात देश आणि नेटवर्कचा क्रमांक असतो. नको असेल तर चालवण्याआधी सेटिंगमध्ये अपलोड बंद करा.

कोणतीही चाचणी मोबाइल डेटावर, शक्यतो त्याच मिनिटाला, पुन्हा करा. दोन्हीकडे पडली तर सेवेकडे बघा, फक्त वायफायवर पडली तर वॉर्डनकडे.

यातलं काहीही व्हॉइस कॉल तपासत नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, कॉल मात्र अनेक वर्षं अडवलेले राहिले आहेत. दुबईतल्या नातेवाइकाने वरच्या सगळ्या कमांड चालवल्या आणि सगळ्या पास झाल्या, तरी कॉल लागेलच असं नाही. कॉलचा आवाज शक्यतो यूडीपीवरून (आधी कनेक्शन न जुळवता पॅकेट पाठवण्याची पद्धत) जातो आणि एनसीच्या '-झेड'ची यूडीपी चाचणी भरवशाची नाही: उत्तर न येणं आणि पोर्ट उघडं असणं तिला सारखंच दिसतं. त्यासाठी कॉल लावूनच पाहावं लागतं, आणि सोबत टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) चालवून यूडीपीचे पॅकेट परत येतायत का ते बघायचं.