अख्ख्या वॉर्डाचा श्वास २० कसा?

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. कॉलेज जिल्ह्याच्या गावी आणि पोस्टिंग तिथल्याच सरकारी रुग्णालयात, मेडिसिन वॉर्डात आहे. सकाळी गेलं की २० खाटांचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी घ्यायचं आणि चार्ट भरायचा, यातच पाळी संपते. मला पुढे आयसीयूत काम करायचंय, पण इथे शिकायला काहीच मिळत नाही असं वाटतं. त्यात मला बीपी नीट ऐकू येत नाही. काही मैत्रिणी रात्रपाळीचे आकडे बघून थोडे इकडेतिकडे करून लिहितात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. परवा एका आजींच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला, तो मी सिस्टरना दाखवला, एवढंच काय ते नवीन. मामा म्हणतो, 'हे सोड, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) कर.' एक संस्था 'हेल्थ असेसमेंट'चं (रुग्णाच्या तपासणीचं) ऑनलाइन सर्टिफिकेट १८ हजारांत देते. घेऊ का? बाबा शेती करतात, त्यांच्याकडे पैसे मागायची हिंमत होत नाही.
– एक विद्यार्थिनी

उत्तर :

आजींच्या पायावरच्या खड्ड्याचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस. मी मात्र तिथेच थांबले. तुला कुणी पाय बघायला सांगितलं नव्हतं. चार्टमध्ये त्यासाठी रकानाही नसेल. तरी तू बोट दाबलंस, खड्डा पडलेला पाहिलास आणि नेऊन दाखवलास. मामाच्या सल्ल्यावर माझं उत्तर त्यातच आहे. डीएमएलटी चांगला कोर्स आहे, पण तिथे तुझ्यासमोर नमुना येतो, माणूस येत नाही. तुझी नजर माणसाकडे जाते. नर्सिंग सोडू नकोस.

आता त्या खड्ड्याचं पुढे काय करायचं ते सांगते. तशी सूज दिसली की दोन्ही पाय बघायचे. दोन्हींना सारखी असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा अंगातली प्रथिनं कमी होणं, अशा दिशेने डॉक्टर विचार करतात. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे चोळायचं नाही आणि नातेवाइकांनाही चोळू द्यायचं नाही, लगेच सांगायचं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सूज पायाऐवजी कमरेखाली, माकडहाडाशी साठते, म्हणून कुशीवर वळवताना तिथेही बोट दाबून बघायचं. आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, शक्यतो त्याच काट्यावर वजन घ्यायचं. एका दिवसात एक किलो वाढलं तर ते जेवणाने वाढलेलं नसतं, साधारण लिटरभर पाणी अंगात साठलेलं असतं. एका बोटाने सुरू झालेली तपासणी इथवर जाते. तुझ्या अभ्यासक्रमात याच सेमिस्टरला नर्सिंग फाउंडेशनबरोबर हेल्थ असेसमेंटचं मॉड्यूल आहे, ते नेमकं हेच आहे. ते पुस्तकात संपवू नकोस.

आता मैत्रिणींच्या आकड्यांकडे येते, कारण तुझ्या पत्रातला खरा धोका तिथे आहे. उद्या वॉर्डात गेलीस की चार्टमधला श्वासाचा रकाना वरून खालपर्यंत बघ. बहुतेक २०, २०, १८, २०, २० असं दिसेल. दम्याचे आजोबा, तापाचा मुलगा, साखर वाढलेल्या काकू, सगळे एकाच लयीत श्वास घेतायत! नाडी, ताप, बीपी यांना यंत्र किंवा निदान हात तरी लागतो. श्वासाला फक्त एक मिनिट उभं राहावं लागतं, म्हणून सगळ्यात आधी कात्री त्याला लागते. गंमत अशी, की बिघडत चाललेल्या रुग्णात बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो तो श्वासच.

एक उदाहरण मांडून दाखवते. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये 'न्यूज' नावाची गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. सहा गोष्टी मोजायच्या : श्वास, रक्तातला ऑक्सिजन, वरचं बीपी, नाडी, शुद्धी आणि ताप. प्रत्येक गोष्ट ठरावीक मर्यादेपासून जितकी लांब, तितके जास्त गुण. बेरीज ५ झाली की तातडीने डॉक्टरांना बोलवायचं, ७ झाली की धावपळच. आता समज एक रुग्ण आहे. श्वास २४, ऑक्सिजन न लावता ९४, वरचं बीपी १०४, नाडी ११२, ताप १०० फॅरनहाइट, पूर्ण शुद्धीत. एकेक आकडा सुटा बघितला तर कुणी फारसं घाबरणार नाही. पण गुण बघ : श्वासाचे २, ऑक्सिजनचा १, बीपीचा १, नाडीचे २. बेरीज ६. म्हणजे डॉक्टर आत्ता हवेत. आता याच रुग्णाच्या श्वासापुढे न मोजता २० लिही. त्याचे गुण शून्य होतात, बेरीज ४ वर येते आणि रुग्ण दुपारच्या राउंडपर्यंत तसाच पडून राहतो. मैत्रिणींचं 'थोडं इकडेतिकडे' ते एवढं असतं. तुमच्या रुग्णालयात ही पद्धत वापरत नसतील तरी गणित बदलत नाही.

श्वास मोजायची युक्ती जुनीच आहे. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. रुग्णाला वाटतं नाडीच चाललीय. तू मात्र छातीकडे किंवा पोटाकडे बघून पूर्ण मिनिट मोजायचं. 'तुमचा श्वास मोजते हं' म्हटलंस की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. मोजतानाच बघायचं : मानेचे स्नायू ओढले जातायत का, नाकपुड्या फुलतायत का, एक वाक्य सलग बोलता येतंय का. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो, २५ झाला की थेट सिस्टरकडे.

२० जणांचं सगळं नीट करायला वेळ पुरत नाही, हे मला माहीत आहे. मग निवड कर. ऑक्सिजन लावलेले, ताप असलेले, म्हातारे, काल रात्री दाखल झालेले आणि ज्यांच्याकडे बघून तुला काहीतरी ठीक वाटत नाही ते, हे आधी आणि पूर्ण. नियमित नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली तर चालते. अनियमित लागली तर पूर्ण मिनिट. आणि ज्याचं राहिलं त्याचा रकाना रिकामा ठेव, सिस्टरना तसं सांग. ओरडा बसेल. बसू दे. रिकामा रकाना बघून पुढचा माणूस मोजतो, भरलेला बघून कुणी मोजत नाही. मैत्रिणींशी भांडायला जाऊ नकोस, तुझं तू कर.

बीपी ऐकू येत नाही, ही तक्रार दर वर्षी मुली करतात आणि दोष कानाचा क्वचितच असतो. स्टेथोस्कोपची टोकं कानात घालताना पुढे, नाकाच्या दिशेला वळलेली हवीत. उलटी घातली की निम्मा आवाज तिथेच जातो. मग कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीकडच्या अंगाला बोटांनी ठोका शोध. सापडल्याशिवाय स्टेथोस्कोप ठेवूच नकोस. घट्ट ब्लाउजच्या किंवा गुंडाळून वर सरकवलेल्या शर्टाच्या बाहीखाली बीपी घ्यायचं नाही, हात मोकळा करून घे. हात हृदयाच्या पातळीला टेकलेला हवा, रुग्ण पाच मिनिटं शांत बसलेला किंवा पडलेला हवा, आणि तू त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. कफ, म्हणजे बीपीसाठी बांधायचा पट्टा, दंडाच्या मानाने लहान असेल तर बीपी खोटंच जास्त येतं. जाड माणसाला लहान कफ बांधून 'बीपी वाढलंय' म्हणणं नेहमी घडतं.

नवशिक्यांनी एक पायरी कधीच गाळू नये. मनगटाची नाडी धरून कफ फुगव, नाडी जिथे लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेव, हवा सोड. मिनिटभर थांबून परत त्या आकड्यापेक्षा ३० जास्त फुगव आणि सेकंदाला दोन-तीन अशा गतीने सोडत ऐक. आता कुठे कान द्यायचा ते तुला आधीच ठाऊक असतं. शिवाय काही रुग्णांत मधेच आवाज गायब होऊन पुन्हा येतो, त्यातही फसत नाहीस. पहिला ठोका म्हणजे वरचं, आवाज थांबला म्हणजे खालचं. हे आवाज निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने १९०५ मध्ये सांगितले, तेव्हापासून पद्धत फारशी बदललेली नाही. आणखी एक गंमत सांगते. हाताने घ्यायच्या बीपी यंत्रावर रेषा दोन-दोनच्या असतात. त्यामुळे अशा वॉर्डात चार्टवर १२५ दिसलं तर ते डोळ्यांनी वाचलेलं नसतं. आणि ओळीने १२०/८० दिसलं तर मोजलेलंच नसण्याची शक्यता जास्त. सलाइन चालू असलेल्या, डायलिसिसचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या किंवा स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात टाळायचा, हे कॉलेजात सांगितलं असेलच.

एवढं करून ऐकू आलं नाही तर 'सिस्टर, मला आलं नाही, जरा बघता का?' असं म्हण. पहिल्या वर्षाच्या मुलीने हे विचारण्यात काही कमीपणा नाही.

बाकी गोष्टी तुला हळूहळू दिसू लागतील, काही थोडक्यात सांगते. रक्त कमी आहे का, हे चेहऱ्यावरून ठरवू नकोस. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ते लपतं. खालची पापणी ओढून आतला रंग बघ, जीभ बघ, तळहात बघ. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, शक्यतो उजेडात. पडून असलेल्यांच्या टाचा आणि माकडहाड रोज हात लावून बघायचं, कारण गडद कातडीवर लाली दिसत नाही, ऊब आणि कडकपणा मात्र हाताला लागतो. पोट तपासताना आधी बघणं, मग ऐकणं आणि हात सगळ्यात शेवटी, कारण हात लावल्यावर आतड्यांचे आवाज बदलू शकतात. ऑक्सिमीटर थंडगार बोटावर किंवा नेलपॉलिशवर विश्वासाचा नाही. बगलेतला ताप तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंश फॅरनहाइट कमी येतो, म्हणून कुठे घेतला ते लिही. लघवीची पिशवी नुसती रिकामी करू नकोस, मोज. ५० किलोच्या माणसाला तासाला निदान २५ मिली हवी, म्हणजे सहा तासांत १५०. त्याच्या खूप खाली असेल तर सांगायची गोष्ट आहे.

आणि नातेवाइकांचं ऐक. 'आज बाबा वेगळंच बोलतायत, मला ओळखलंच नाही' असं लेक म्हणाली तर तिला 'वय झालंय' म्हणून गप्प करू नकोस. नव्याने आलेला गोंधळ त्या 'न्यूज'मध्ये एकटाच ३ गुण घेतो. सिस्टरना सांग आणि जीआरबीएस, म्हणजे बोटाच्या रक्ताच्या थेंबावरची साखर, करायला विचार, साखर उतरलेली असू शकते.

दुखण्याबद्दल विचारताना 'दुखतंय का?' एवढ्यावर थांबू नकोस. आपले लोक 'हो' म्हणून मोकळे होतात, आणि काही बायका तर हूं का चूं करत नाहीत. ठणकतंय, चमक निघते, कळ येऊन जाते, की जळजळतंय? कधीपासून? कुठे सरकतं का? कशाने बरं वाटतं? जे उत्तर येईल ते रुग्णाच्याच शब्दांत लिही. छातीत 'जीव घाबरा होतोय' म्हणणाऱ्या, घाम फुटलेल्या माणसाला तू 'गॅस' लिहून टाकायचं नाही.

पाहिलेलं सांगताही आलं पाहिजे, आणि इथे हुशार मुलीसुद्धा अडखळतात. 'सिस्टर, १४ नंबरला बरं वाटत नाहीये' यावर कुणी धावत नाही. असं सांग : '१४ नंबर, काल निमोनियासाठी दाखल. सकाळी श्वास १८ होता, आता २४. नाडी ११२, ऑक्सिजन ९४. बोलताना दम लागतोय. मला काळजी वाटते, तुम्ही आत्ता बघाल का?' कोण, आधी काय, आता काय, तुला काय हवंय. घरी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघ.

आता आयसीयू. तिथे मॉनिटर असतो, म्हणून आकडे आपोआप कळतात असं तुला वाटत असेल. मॉनिटर वाजतो फक्त, खरं की वायर निसटली ते नर्सनेच रुग्णाकडे बघून ठरवायचं. शिवाय आयसीयू ही एकच वाट नाही. बी.एस्सी. नर्सिंगनंतर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. पदं बहुतेक कंत्राटी असतात, हे आधीच सांगते. काम आरोग्य उपकेंद्रात असतं. उपकेंद्र म्हणजे सपाट भागात साधारण ५,००० लोक, डोंगरी-आदिवासी भागात ३,०००, आणि जागेवर डॉक्टर नसतो. तिथे तू जे पाहशील आणि मोजशील, त्यावरच कुणाला पुढे पाठवायचं ते ठरतं. परदेशाचा विचार पुढे आला तर इंग्लंडच्या नर्सिंग नोंदणीसाठी जी प्रात्यक्षिक परीक्षा असते, तिच्यातही रुग्णाचं असेसमेंट करून दाखवावं लागतं. ज्या कामाला तू कंटाळलीस, त्याचीच परीक्षा तिथे घेतात.

राहिलं सर्टिफिकेट. घेऊ नकोस. स्क्रीनवर बघून कुणाला श्वास मोजता येत नाही, आणि तुझ्या पदवीत हा विषय आहेच, त्यामुळे नोकरी देणारा त्या कागदाला वेगळी किंमत देईल असं मला वाटत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण) कर, ते रुग्णालयं विचारतात. त्याची मुदत दोन वर्षांची असते, म्हणून आत्ताच करून वाया घालवू नकोस. सध्या स्वतःचा एक बरा स्टेथोस्कोप आणि सेकंदकाटा असलेलं, गणवेशाला अडकवायचं घड्याळ घे. मनगटावरचं हात धुताना आड येतं. दोन्ही मिळून त्या १८ हजारांच्या जवळपासही जाणार नाही आणि बाबांकडे एवढं मागायला हरकत नाही.