ठाणे जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न चांगलं आहे, मग विकास सगळ्यांपर्यंत पोचला असं म्हणता येईल का?

नाही. जिल्ह्याची सरासरी फसवते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत वाशी-ठाण्याचे पगार आणि जव्हार-मोखाड्यातलं कुपोषण एकाच जिल्ह्याच्या आकड्यात मिसळायचं. आजही शहापूर बघा. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा ही धरणं याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरच्या वाटेवर हंड्यांची रांग लागते तीही इथल्याच पाड्यांवर! २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली, ऐरोली-रबाळ्याच्या नोकऱ्या ठाणेकरांच्या आवाक्यात आल्या. मुरबाडला मात्र अजून रेल्वेच नाही. त्यामुळे धोरण ठरवताना तालुक्याचा, जमल्यास गावाचा आकडा मागायलाच हवा. कुठल्या पाड्याला कधीपासून टँकर जातो, ही नोंद पंचायत समितीत असते. सुरुवात तिथूनच करा.