तळ्यासाठी सीपीएचा पैसा: वाचकांचे प्रश्न

मॅसॅच्युसेट्समधल्या वाचकांचे तळ्यांबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार आज घेते.

प्रश्न: आमच्या टाउनचं तळं दर उन्हाळ्यात हिरवंगार होतं, पोहायला बंदी येते. आम्ही प्रॉपर्टी टॅक्सवर सीपीएचा सरचार्ज भरतो, मग त्यातून तळं दुरुस्त का करत नाहीत?

करता येतं, पण टाउनच्या कम्युनिटी प्रिझर्वेशन कमिटीकडे करायच्या अर्जात शब्द कुठला लिहिता त्यावर सगळं अडतं. सीपीए म्हणजे कम्युनिटी प्रिझर्वेशन अॅक्ट, २००० सालचा कायदा. टाउनने मतदान करून तो स्वीकारला असेल तरच लागू होतो, सरचार्ज जास्तीत जास्त ३ टक्के, वर राज्याच्या ट्रस्ट फंडातून भर पडते. हा पैसा ओपन स्पेस (मोकळ्या नैसर्गिक जागा), रिक्रिएशन (खेळ-विरंगुळा), ऐतिहासिक वास्तू आणि परवडणारी घरं यांच्यासाठीच वापरता येतो. तळं ओपन स्पेसमध्ये बसतं, आणि नेमकं इथंच लोक फसतात. ओपन स्पेसचं 'रिस्टोरेशन', म्हणजे बिघडलेली जागा पुन्हा नीट करणं, सीपीएतून करायचं तर ती जागा सीपीएच्याच पैशातून घेतलेली किंवा तयार केलेली असावी लागते, आणि तुमचं तळं तर कायदा यायच्या कितीतरी आधीपासून तिथं आहे. 'प्रिझर्वेशन'ला मात्र ही अट नाही, कायद्यात त्याचा अर्थ इजा, हानी किंवा नाश यांपासून संरक्षण असा आहे. म्हणजे तळं सुंदर करायचंय असं लिहू नका, ते मरतंय आणि या कामाने ते वाचेल हे दाखवा. काठावर टाउनचा बीच असेल तर दुसरा रस्ताही आहे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर जुन्या रिक्रिएशनच्या जागांची सुधारणाही सीपीएतून करता येते. कुठल्या दारातून जायचं ते टाउनच्या वकिलांकडून आधीच विचारून घ्या, नाहीतर वर्षभराची मेहनत एका शब्दापायी परत येते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न: दरवर्षी पाणवनस्पती कापायचं कंत्राट यातून देता येईल का?

नाही. ते मेंटेनन्स झालं, आणि मेंटेनन्सला सीपीएचा पैसा चालत नाही. तो टाउनच्या नेहमीच्या बजेटमधून मागा.

प्रश्न: गाळ काढावा की औषध मारावं? आमच्यात यावरून दोन गट पडलेत.

दोन्ही गटांना सांगा, आधी पाणी तपासा. शेवाळ वाढतं ते मुख्यतः फॉस्फरसमुळे, तो येतो घरांच्या सेप्टिक टाक्यांमधून, लॉनच्या खतातून, रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्यातून, आणि वर्षानुवर्षं तळाच्या गाळात साठून बसतो. उन्हाळ्यात खोल पाण्यातला ऑक्सिजन संपला की तोच गाळ फॉस्फरस परत सोडायला लागतो. फॉस्फरस गाळातून येतोय की बाहेरून, हे कळल्याशिवाय पैसे मागणं म्हणजे अंधारात दगड मारणं. सुरुवात साध्या सेकी डिस्कने करा, २० सेंटीमीटरची काळी-पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडायची आणि ती कुठं दिसेनाशी होते ते दोरीवर मोजायचं. मे महिन्यात छान खोलवर दिसणारी चकती ऑगस्टमध्ये हातभर दोरी सोडताच हिरव्यात गडप होते ना, ते एकदा कमिटीच्या माणसाला होडीत बसवून दाखवा, दहा पानी अर्जाने होत नाही ते काम होतं.

गाळातूनच फॉस्फरस येत असेल तर अॅलमचा पर्याय आहे, आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो त्याच जातीचा पदार्थ, तो फॉस्फरसला गाळात बांधून ठेवतो. केप कॉडवर बार्नस्टेबलच्या हॅम्ब्लिन पाँडमध्ये १९९५ साली हा उपाय झाला होता. पण बाहेरून येणारा फॉस्फरस थांबवला नाही तर अॅलम काय आणि ड्रेजिंग (गाळ काढणं) काय, पैसा पाण्यातच. आणि परवानग्या वेगळ्या बरं का, पाणथळ जागा जपणाऱ्या वेटलँड्स प्रोटेक्शन अॅक्टखाली टाउनच्या कॉन्झर्वेशन कमिशनकडे नोटीस ऑफ इंटेंट, म्हणजे कामाच्या परवानगीचा अर्ज, द्यावीच लागते, १०० घनयार्डांच्या वर गाळ काढायचा तर राज्याचं पाण्याच्या गुणवत्तेचं सर्टिफिकेटही लागतं. म्हणून माझं मत, पहिल्या वर्षी फक्त अभ्यास आणि डिझाइनसाठी छोटी रक्कम मागा, कामाचा मोठा अर्ज नंतर.

प्रश्न: कमिटीने आमच्या अर्जाला होकार दिला, आता पैसे मिळाले असंच समजायचं ना?

थांबा जरा. कम्युनिटी प्रिझर्वेशन कमिटी ५ ते ९ जणांची असते आणि ती फक्त शिफारस करते, पैसे मंजूर करते टाउन मीटिंग, म्हणजे टाउनची मतदान करणारी सभा, शहर असेल तर सिटी कौन्सिल. टाउन मीटिंग शिफारशीची रक्कम कमी करू शकते, नाकारू शकते, पण वाढवू शकत नाही, त्यामुळे कमिटीकडे मागतानाच पुरेसं मागा. आणि त्या रात्री हॉलमध्ये माणसं हवीत. काठावरचे शेजारी तर येतीलच, पण ज्यांचं घर तळ्यापासून लांब आहे, ज्यांची मुलं तिथं पोहायला शिकली, त्यांच्यातल्या एकाला माइकवर उभं करा, कारण 'हे काठावरच्या घरांच्या किमती वाढवायला चाललंय' हा आक्षेप येतोच, आणि त्याला उत्तर द्यायला काठावरचा माणूस चालत नाही.