पाकिटात काय होतं, ते आधी लिही

चि. लेखिकाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

दोन कृष्णविवरं एक झाल्याच्या बातमीवरचा तुझा लेख पोचला. दोनदा वाचला, एकदा नुसता आणि एकदा लाल पेन हातात घेऊन. भाषा चांगली आहे, तिची काळजी नाही. पण 'विश्वाचं गूढ उकललं', 'शास्त्रज्ञही थक्क' आणि 'आइन्स्टाइन पुन्हा खरा ठरला' ही तीन वाक्यं काढून टाक. ती कुठल्याही बातमीला डकवता येतात, मग तुझ्या बातमीबद्दल ती काय सांगणार? शिवाय तुझी बातमी हॉकिंगची आहे. आइन्स्टाइनला जरा विश्रांती दे.

आता ओरेगॉनचं बघू. दोन कृष्णविवरांचं मिळून पृष्ठफळ, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर पडत नाही त्या सीमेचं क्षेत्रफळ, आधी ओरेगॉन राज्याएवढं होतं आणि एक झाल्यावर कॅलिफोर्नियाएवढं झालं, असं तू लिहिलंस. हे थेट अमेरिकन प्रसिद्धिपत्रकातून उचललेलं आहे. पंढरपूरच्या वाचकाने ओरेगॉन कुठून आणायचं? आकडे घे: आधी सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतर सुमारे ४ लाख. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजारांच्या आसपास. म्हणजे दोन्ही विवरांचे पृष्ठभाग पसरले तरी महाराष्ट्रात मावले असते, आणि त्यांचं मिळून जे एक झालं त्याचा मावला नसता. एवढं पुरे.

यानंतर तू लगेच पुढच्या मुद्द्यावर उडी मारलीस, पण वाचक नेमका इथेच अडखळणार आहे. तूच खाली लिहिलंयस की साधारण ३३-३३ सूर्यांच्या वस्तुमानाची दोन विवरं मिळून ६३ सूर्यांचं एक विवर झालं. म्हणजे सुमारे तीन सूर्यांएवढं वस्तुमान गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाश-काळातल्या तरंगांच्या, रूपाने निघून गेलं. माल कमी झाला, मग पृष्ठभाग वाढला कसा? याचं उत्तर शाळेतल्या गणितात आहे. कृष्णविवराची त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, आणि पृष्ठफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या. ३३ चा वर्ग १,०८९, दोघांचे मिळून २,१७८. ६३ चा वर्ग ३,९६९. (विवर स्वतःभोवती फिरत असेल तर पृष्ठफळ थोडं कमी भरतं, म्हणून प्रत्यक्षातली वाढ याहून जरा कमी आहे.) हे चार आकडे वाचकाने स्वतः पडताळले की हॉकिंगने १९७१ साली काय म्हटलं होतं ते त्याला समजेल: विवरं एकमेकांत मिसळताना वस्तुमान घटू शकतं, पण एकूण पृष्ठफळ कधीच घटत नाही. नुसतं 'हॉकिंगचं प्रमेय सिद्ध झालं' असं लिहून ते समजत नाही.

आणि 'सिद्ध' नको. गणितातलं प्रमेय कागदावर सिद्ध होतं. निसर्ग तसाच वागतो का, हे इथे तपासलं गेलं. कसं तपासलं, हा तुझ्या लेखाचा गाभा असायला हवा होता. त्याला तू दीड ओळ दिलीस.

१४ जानेवारी २०२५ ला अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाच्या दोन्ही यंत्रांनी टिपलेल्या त्या संकेताचे दोन तुकडे करता येतात. विवरं एकमेकांभोवती घिरट्या घालत जवळ येतात, तो पहिला. त्यावरून दोघांची वस्तुमानं आणि फिरण्याचा वेग कळतो, म्हणजेच आधीचं पृष्ठफळ कळतं. ती एक झाल्यावर नवं विवर क्षणभर थरथरतं आणि मग स्थिरावतं, तो दुसरा. या थरथरीची कंपनसंख्या आणि ती किती झपाट्याने विरते, एवढ्या दोन गोष्टींवरून नव्या विवराचं वस्तुमान आणि फिरणं निघतं, म्हणजे नंतरचं पृष्ठफळ. ही दोन उत्तरं स्वतंत्रपणे काढून शेजारी ठेवली. हाच प्रयोग २०१५ च्या पहिल्या संकेतावरही झाला होता. २०२१ साली त्याचा निकाल आला, खात्री ९५ टक्के. आता ती ९९.९९९ टक्के आहे.

तुझ्या लेखात नसलेली मौज इथे आहे. २०१५ चा संकेत आणि २०२५ चा संकेत जवळजवळ जुळी भावंडं आहेत. वस्तुमानं तशीच, अंतरही तसंच, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं. तरी दुसरा तिपटीहून जास्त स्पष्ट दिसला, कारण मधल्या दहा वर्षांत माणसांनी यंत्रातला गोंगाट कमी केला. आरसे, लेसर, निर्वात नळ्या, खुद्द प्रकाशाचा पुंज-गोंगाट दाबण्याची युक्ती. या यंत्राला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतात आणि लहर गेली की त्यांची लांबी किंचित बदलते. ती २०१५ साली किती बदलली होती? प्रोटॉनच्या व्यासाच्याही काहीशेव्या भागाइतकी. अशा मापनात रस्त्यावरचा ट्रक ऐकू येतो, किनाऱ्यावरच्या लाटा ऐकू येतात. लायगोच्या हॅनफर्ड इथल्या यंत्रात एकदा अनोळखी खटखट येऊ लागली. शोधाशोध केल्यावर कळलं, बाहेरच्या नळीवर जमलेल्या बर्फावर डोमकावळे चोची मारत होते. हे लेखात घाल, वाचक विसरणार नाही. हॉकिंगचं नाव मथळ्यात राहू दे, पण गोंगाट कमी करणाऱ्यांना निदान एक परिच्छेद दे.

थरथरीबद्दल आणखी एक. कृष्णविवराला धक्का दिला तर ते अशा रीतीने थरथरून शांत होतं, हे १९७० साली संगणकावर गणित करून पहिल्यांदा दाखवलं ते सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी. तेव्हा कृष्णविवर खरंच असतं की नाही याबद्दलही अनेकांना शंका होती. पुढे बेंगळुरूचं नेहरू तारांगण त्यांनी उभं केलं. तू 'भारतीय शास्त्रज्ञांचाही मोलाचा वाटा' असं लिहून मोकळी झालीस. तो वाटा नेमका कोणता, हे सांगितलं नाही तर ते वाक्य हारतुऱ्यासारखं वाटतं. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरशः गोंगाटात बुडालेला संकेत शोधण्याच्या पद्धतीवर काम केलं. संकेत कसा दिसू शकेल याचे हजारो नमुने आधी गणिताने तयार ठेवायचे आणि आलेल्या नोंदीवर एकेक लावून बघायचा. हे काम सुरू झालं तेव्हा लायगोची यंत्रं उभीही नव्हती. असं लिहिलंस की अभिमानाचं विशेषण लागत नाही.

आता पाकीट. तुझ्या लेखाच्या सुरुवातीला मी स्फोट आणि अंधार काढून हे ठेवीन.

सप्टेंबर २०१० मध्ये लायगोच्या यंत्रांवर एक सुरेख संकेत उमटला. आकाशातल्या बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेने आल्यासारखा दिसला, म्हणून त्याचं टोपणनाव पडलं 'बिग डॉग'. शेकडो जण कित्येक महिने त्यावर खपले. शोधनिबंध लिहून तयार झाला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सगळे जमले आणि एक पाकीट उघडण्यात आलं. संकेत खोटा होता. मोजक्या माणसांनी, बाकीच्यांना न सांगता, मुद्दाम यंत्रात घातलेला. आपले सहकारी खरा संकेत ओळखू शकतात का, आणि घाई करून फसतात का, हे बघण्यासाठी. असं कधीतरी होऊ शकतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते सगळ्यांनी मान्य केलेलं होतं.

म्हणून १४ सप्टेंबर २०१५ ला, भारतीय वेळेनुसार दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, खरा संकेत आला तेव्हा जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये तो पडद्यावर आधी पाहणाऱ्या मार्को द्रागोला पहिली शंका हीच आली की कोणी मुद्दाम तर घातला नाही? नियंत्रण कक्षात फोन झाले. कोणी घातला नव्हता. लायगोच्या दुसऱ्या, लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला संकेत आधी आला आणि सुमारे ३,००० किलोमीटरवरच्या हॅनफर्डला ७ सहस्रांश सेकंदांनी. प्रकाशाला हे अंतर तोडायला १० सहस्रांश सेकंद लागतात, म्हणजे हिशेब जुळत होता. तरीही जाहीर करायला ११ फेब्रुवारी २०१६ उजाडला. पाच महिने हे लोक आपलंच म्हणणं खोडून काढता येतं का ते पाहत होते. तुझ्या लेखात हे पाच महिने नाहीत.

इतकी सावधगिरी कुठून आली, तेही एका परिच्छेदात सांग. १९६९ मध्ये जोसेफ वेबरने ॲल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांवर गुरुत्वीय लहरी पकडल्याचं जाहीर केलं होतं. इतरांनी तशीच यंत्रं बांधली, त्यांना काही सापडलं नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने विश्वाच्या जन्मकाळच्या लहरींची खूण मिळाल्याचं सांगितलं. जगभर मथळे झाले. पुढच्या वर्षी प्लँक उपग्रहाच्या नोंदी जोडून पाहिल्यावर कळलं की त्या संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा होता. वेबरला हसू नकोस, मात्र. पुढचे सगळे या वाटेला लागले ते त्याच्यामुळे.

तू विचारलं होतंस, बातमी कच्ची की पक्की हे ओळखायचं कसं. एक घरचं उदाहरण देतो. जून २०२३ मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी अतिसंथ गुरुत्वीय लहरींबद्दल निकाल मांडले. या लहरींचं एक आंदोलन पुरं व्हायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे चार किलोमीटरची भुजा त्यांना अपुरी. त्यासाठी आकाशातली स्पंदकं, म्हणजे ठरावीक ठोक्याने रेडिओ लहरी पाठवणारे मृत तारे, घड्याळासारखी वापरली आणि त्यांचे ठोके किती पुढेमागे होतात ते मोजलं. युरोपीय गटाबरोबर भारतीय गट होता आणि त्यांनी वापरली नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. कमी कंपनसंख्येच्या रेडिओ लहरी टिपणं ही तिची खासियत. वाटेतल्या विद्युतभारित वायूमुळे ठोक्यांना होणारा उशीर अशा लहरींत ठळक दिसतो, त्यामुळे तो अचूक मोजून वजा करता येतो. युरोपीय-भारतीय गटाने २५ स्पंदकांच्या जवळपास २५ वर्षांच्या नोंदी तपासल्या. निकाल काय? त्यातल्या शेवटच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदींत दिसलेला नमुना निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता साधारण हजारात एक. ऐकायला भक्कम वाटतं. पण या क्षेत्राचा दंडक ३५ लाखांत एक असा आहे, म्हणून त्यांनी स्वतःच 'पुरावा मिळतोय' एवढंच म्हटलं. मराठी बातमीत काय छापून आलं असेल ते तुला सांगायला नको.

तेव्हा आकड्याच्या शेजारी दुसरा आकडा शोध. चूक किती असू शकते, योगायोग किती शक्य आहे, हे मूळ निबंधाच्या गोषवाऱ्यात बहुतेक वेळा असतं आणि प्रसिद्धिपत्रकात बहुतेक वेळा नसतं. गोषवारा दोनशे शब्दांचा असतो. तेवढं इंग्रजी तुला सहज झेपतं, कंटाळा करू नकोस. दुसऱ्या कुणी तेच पाहिलं का, हेही बघ. जुलै २०२३ मध्ये साध्या तापमानाला अतिवाहक असल्याचा, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करण्याचा, गाजावाजा झालेल्या एलके-९९ या पदार्थाचं उदाहरण ताजं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह ठिकठिकाणी लोकांनी ते बनवून पाहिलं आणि काही आठवड्यांत विषय संपला.

शेवटचा परिच्छेद मात्र पूर्ण काढ. 'या शोधामुळे भविष्यात मानवाला ऊर्जेचा नवा स्रोत मिळू शकेल' हे तुला कुणी सांगितलं? निबंधात नाही, पत्रकातही नाही. सामान्य वाचकाला उपयोग सांगितल्याशिवाय तो वाचणार नाही, ही भीती तू सोडून दे. लोणारचं सरोवर बघायला जाणारी माणसं उपयोग विचारून जात नाहीत.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन असतं. गावोगावची शाळकरी मुलं एसटीने, टेम्पोने येतात. तू जा. संशोधकांशी नंतर बोललीस तरी चालेल, आधी या मुलांचे प्रश्न वहीत उतरवून घे. तुझ्या लेखाने ज्यांची उत्तरं द्यायला हवीत ते प्रश्न तिथे फुकट मिळतील.

नवा खर्डा सावकाश पाठव, घाई नाही.

तुझा,
सर

ता. क. चौथ्या पानावर हिंगोलीतल्या औंढा नागनाथच्या लायगो-इंडियाने 'हा संकेत टिपण्यास मदत केली' असं आहे. ते यंत्र अजून उभं व्हायचंय. केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटींचा खर्च मंजूर केला तो एप्रिल २०२३ मध्ये. लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली हे ठरवायला दूरवरचं आणखी एक यंत्र फार कामाला येईल, हे लिही. क्रियापद भविष्यकाळी ठेव.