पिरॅमिड आणि मृगाचा बाण: किती खरं, किती ताणलेलं

तुम्ही विचारलंय की व्हिडिओत म्हणतात तसे गीझाचे पिरॅमिड म्हणजे ओरायनचा, आपल्या मृग नक्षत्राचा, नकाशा आहे का, आणि तो इ.स.पू. 10,500 चा असून तज्ज्ञ दाबून ठेवतात हे खरं का. हे दोन वेगळे दावे आहेत, व्हिडिओवाले मुद्दाम एकत्र कालवतात. पहिल्यात थोडा दम आहे, दुसऱ्यात अजिबात नाही.

आधी जे खरंच आहे ते. सक्काराच्या उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये भिंतींवर जे मंत्र कोरलेत त्यात मेलेला राजा ताऱ्यांत जातो, साह म्हणजे आपलं मृग आणि सोपदेत म्हणजे व्याध, हे दोघंही त्यात आहेत, आणि उत्तरेकडचे कधी न मावळणारे तारेही. त्यामुळे ‘ताऱ्यांशी काही संबंध नाही’ असं कुठलाच इजिप्तचा अभ्यासक म्हणत नाही. गीझाच्या सगळ्यात मोठ्या, खुफू राजाच्या पिरॅमिडमधल्या राजाच्या दालनातून दोन बारीक बोगदे वर जातात, जेमतेम 20 सेंमी रुंद. 1964 मध्ये व्हर्जिनिया ट्रिम्बल आणि अलेक्झांडर बदावी यांनी गणित मांडलं की दक्षिणेचा बोगदा मृगाच्या पट्ट्याकडे (आपण ज्याला बाण म्हणतो ते ओळीतले तीन तारे) आणि उत्तरेचा त्या काळच्या ध्रुवताऱ्याकडे, थुबानकडे रोखलेला आहे. हे घरबसल्या तपासता येतं. स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, जागा गीझा, साल इ.स.पू. 2500 च्या आसपास, आणि बाणाचे तीन तारे बरोबर दक्षिणेला येईपर्यंत वेळ पुढे सरकवा, उंची दिसेल साधारण 45 अंश, बोगद्याचा चढही तेवढाच. आजची तारीख टाकलीत तर तेच तारे 59 अंशांच्या आसपास जातात, हा फरक अयनचलनाचा, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हजारो वर्षांत हळूहळू फिरतो त्याचा. फक्त एक, बोगदे सरळ नाहीत, उत्तरेचा तर चांगलाच वळतो, म्हणजे त्यातून डोळा लावून तारा बघणं शक्यच नाही, राजाच्या आत्म्याची वाट म्हणून केले असतील तर गोष्ट वेगळी.

आता नकाशा. ही कल्पना रॉबर्ट बोव्हालची, अलेक्झांड्रियात जन्मलेला, पेशाने बांधकामातला इंजिनिअर. त्याचं म्हणणं, गीझाचे तीन पिरॅमिड म्हणजे बाणाचे तीन तारे: दोन मोठे पिरॅमिड आणि तिसरा मेनकाउरे राजाचा छोटा, ओळीतून जरा सरकलेला, तसंच वर बाणातला मिंटाका हा तारा जरा मंद आणि जरा सरकलेला. ऐकायला भारी वाटतं आणि खरं सांगायचं तर फोटो शेजारी ठेवला की मलाही वाटतं. पण ग्रिफिथ वेधशाळेच्या एड क्रपने दाखवलं की हे जुळवायला नकाशा उलटा धरावा लागतो, आकाशात मिंटाका उत्तरेकडे सरकलाय आणि उत्तर वर धरली तर जमिनीवरचं वळण नेमकं विरुद्ध बाजूला येतं. समर्थक म्हणतात इजिप्शियन लोक दक्षिणेलाच ‘वरची’ बाजू मानायचे, ते खरं आहे, तेव्हा हा मुद्दा एकटा पुरत नाही.

माझ्या मते खरा घोळ जेदेफ्रेचा आहे. खुफूनंतर गादीवर आला तो हा त्याचा मुलगा, आणि त्याने पिरॅमिड गीझाला बांधलाच नाही, उत्तरेला अबू रवाशला जाऊन बांधला! गंमत म्हणजे त्या पिरॅमिडच्या नावातच तारा आहे. आधीपासून तीन ताऱ्यांचा प्लॅन ठरलेला असता तर दुसरा राजा असा उठून गेला असता का? बोव्हालने अबू रवाशलाही नकाशात बसवलं, मृगातलाच साइफ तारा म्हणून. मग काक्षी आणि राजन्य, मृगातले सगळ्यात ठळक दोन तारे, त्यांचे पिरॅमिड कुठेत? नाहीत.

10,500 हे साल तर बोगद्यांतून आलेलंच नाही. त्या काळी अयनचलनात मृगाचा पट्टा सगळ्यात खाली होता, गीझाहून क्षितिजाच्या वर फक्त 11-12 अंश, म्हणून बोव्हालने तो ‘पहिला काळ’, म्हणजे इजिप्शियन पुराणांतला देवांचा काळ, धरला. केप टाऊनचा खगोलशास्त्रज्ञ अँथनी फेअरॉल याने कोन मोजला तर तोही जुळेना, पिरॅमिडची ओळ उत्तरेशी 38 अंश आणि तेव्हाचा पट्टा 50 च्या जवळ. आणि 2013 मध्ये लाल समुद्राकाठी वाडी अल-जर्फला मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशीच सापडली पपायरसवर, खुफूच्या काळातली, म्हणजे इ.स.पू. 2500 च्या आसपासची, तुराच्या खाणीतला चुनखडक होड्यांतून गीझाला कसा नेला त्याच्या रोजच्या नोंदी. त्यात भर घालायला मला तरी काही सुचत नाही.

दाबून ठेवण्याचं म्हणाल तर बोव्हालचा पहिला लेख 1989 मध्ये इजिप्तविद्येच्याच नियतकालिकात छापून आला होता. 2000 मध्ये केट स्पेन्सने ताऱ्यांच्या दिशेवरून खुफूच्या पिरॅमिडचं साल काढलं तो लेख ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने छापला, त्यावरही लोक तुटून पडलेच. आणि ‘नेचर’ सुरू करणारा नॉर्मन लॉकियर (हो, सूर्यावर हेलियम शोधणारा, विजयदुर्गावर आला होता असं आपल्याकडे सांगतात पण त्याने ते काम इंग्लंडमधून केलं) यानेच 1890 च्या दशकात इजिप्तच्या देवळांच्या दिशा सूर्यताऱ्यांशी जुळवून बघायला सुरुवात केली. कर्नाकचं मोठं देऊळ उन्हाळ्यातल्या, सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सूर्यास्ताकडे रोखलंय असं तो म्हणाला, पण समोर डोंगर आड येतो. पुढे जेराल्ड हॉकिन्स या खगोलशास्त्रज्ञाने देवळाचा तोच अक्ष दुसऱ्या टोकाने बघितला आणि हिवाळ्यातला, सगळ्यात लहान दिवसाचा सूर्योदय निघाला. तुम्ही डिसेंबरात जाणारच आहात म्हणता, तर 21 च्या आसपास पहाटे तिथे पोहोचा.